तंतोतंतपणाची साथ

ॲनिमेबद्दल हल्ली एकच कौतुक ऐकू येतं, ‘मंगात आहे अगदी तसंच.’ तक्रारही एकच, ‘मंगात असं नव्हतं.’ चौकट चौकटीशी जुळली की दिग्दर्शक पास, नाही जुळली की गुन्हेगार. गेली काही वर्षं ‘चेनसॉ मॅन’च्या निमित्ताने या दोन वाक्यांचा जो गजर चालला आहे, त्याचा मला मनापासून राग येतो. हा लेख त्या रागातूनच लिहितो आहे.

२०२२ साली माप्पा स्टुडिओने तात्सुकी फुजिमोतोच्या या मंगावर मालिका काढली आणि ती र्‍यू नाकायामाच्या हाती दिली. फुजिमोतोचा नायक डेंजी कागदावर किंचाळतो. नाकायामाने त्याचा आवाज उतरवला. माणसं चार भिंतींत बोलतात तशी बोलू लागली, उजेड खिडकीतून यावा तसा आला. चौथ्या भागात आकी हायाकावाची एक सकाळ आहे. तो उठतो, आवरतो, कॉफी करतो, पेपर वाचतो. कथा एक पाऊलही पुढे सरकत नाही. मंगाने या सकाळीला एवढी जागा दिलेली नाही. पण सैतानांशी केलेल्या करारांत ज्याचं आयुष्य वर्षावर्षाने खर्ची पडतं आहे, तो तरुण आपली सकाळ किती निगुतीने जगतो, हे त्या थोड्या वेळात कळतं. आणि मग पुढे त्याचं जे होतं ते सोसवत नाही.

या मालिकेवर जपानमध्ये मोठी नाराजी उसळली. २०२५ मध्ये रेझेच्या कथेवर चित्रपट आला तेव्हा दिग्दर्शक बदलला होता. तात्सुया योशिहाराचा हा चित्रपट रंगांनी पेटलेला आहे, त्यातल्या लढाया बेफाम आहेत, रेझे तर फारच जिवंत उतरली आहे. माझं त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या स्वागताशी. ‘आता कुठे खरा चेनसॉ मॅन आला’, असा त्या स्वागताचा सूर होता, जणू नाकायामाची चूक कुणीतरी दुरुस्त केली. नाकायामाने चूक केलेली नव्हती. त्याने एका पात्राला वाढवलं होतं, आणि दिग्दर्शकाचं कामच ते असतं.

मंगा वाचताना वेळ वाचकाच्या हातात असतो. नि:शब्द चौकटीवर किती रेंगाळायचं, कुठलं पान झरझर उलटायचं, पात्राचा आवाज पातळ की जाड, हे सगळं वाचक ठरवतो. ॲनिमे यातलं एकही काम वाचकाकडे ठेवत नाही. शांतता तीन सेकंदांची की दहा, ते ठरवावंच लागतं. आवाज कुणाचा, ते ठरवावंच लागतं. तोरियामाच्या मंगातल्या गोकूचंच बघा. मासाको नोझावा १९८६ पासून त्याला आवाज देत आल्या आहेत. गोकू मोठा झाला, बाप झाला, तरी आवाज त्यांचाच. कागदावरचा दणकट गडी त्या आवाजाने कायमचा पोरगेला होऊन गेला. एक रेषही न बदलता पात्र बदललं. त्यामुळे ‘बदल केला का?’ हा प्रश्नच फोल आहे. बदल होतोच. विचारायचं ते हे, की त्या बदलाने पात्रावरचं ओझं वाढलं की उतरलं? आपल्या कृत्याचा जाब त्याला आधीपेक्षा जास्त द्यावा लागतो की कमी? गेल्या साठ वर्षांतल्या रूपांतरांकडे मी याच कसोटीने बघतो, आणि माझ्या आवडीनिवडी या कसोटीतून आल्या आहेत.

पूर्वी बदल होत ते बहुतेकदा नाइलाजाने. मंगा चालू असतानाच ॲनिमे सुरू व्हायचा, दर आठवड्याला भाग द्यावा लागायचा, आणि काही महिन्यांत तो मंगाला गाठायचा. मग भराव घालायचा किंवा स्वतःची वाट काढायची. आता बहुतेक मालिका बारा-तेरा भागांच्या तुकड्यांत येतात आणि मंगा पुढे जाईपर्यंत थांबतात. निर्मिती समितीत अनेकदा मंगाचा प्रकाशकच बसलेला असतो, आणि मंगाचे खंड खपवणं हे ॲनिमेचं एक मुख्य काम होऊन बसलेलं असतं. वाट चुकायची गरज उरली नाही, तसं धाडसही उरलं नाही. त्या जुन्या नाइलाजातून काय निघू शकत होतं, ते बघायचं तर २००३ च्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’कडे जावं लागतं.

हिरोमु अराकावाची मंगा ‘शोनेन गानगान’ या मासिकात २००१ ते २०१० चालली. महिन्याला एक प्रकरण. बोन्स स्टुडिओने २००३ मध्ये एक्कावन्न भागांची साप्ताहिक मालिका काढली, तेव्हा मंगा पुरणार नाही हे उघड होतं. दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा, मुख्य लेखक शो आइकावा. आपल्यापेक्षा वेगळा शेवट करा, असं अराकावानेच त्यांना सांगितलं होतं. एल्रिक भावांनी मेलेल्या आईला परत आणायला बघितलं आणि त्या रात्री जे समोर आलं त्याने ते कायमचे मोडले, हे वाचकांना माहीत आहे. मिझुशिमा आणि आइकावा यांनी साधा प्रश्न विचारला: जे समोर आलं, ते नेमकं काय होतं? आणि पुढे त्याचं काय झालं?

अराकावाचं उत्तर मंगात पुढे येतं. एडवर्ड त्या रात्रीचे अवशेष उकरून काढतो. केस आईचे नाहीत, हाडं आईची नाहीत. म्हणजे आपण आईला परत आणून दुसऱ्यांदा मारलं, हा जो सल त्याच्या मनात होता तो खोटा ठरतो. त्याची गुरू इझुमी हिनेही आपल्या मेलेल्या बाळासाठी हाच अपराध केलेला. तिलाही कळतं की ते बाळ आपलं नव्हतंच. मंगातला हा सर्वांत सुंदर भाग आहे, हे मी आधीच मान्य करतो. मेलेलं माणूस परत येत नाही हे सत्य एडवर्डला तिथे हाताला लागतं आणि त्यातूनच भावाला सोडवण्याची आशा निर्माण होते. पण नीट बघा, या शोधाने दोघांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. आणि होमुनक्युलस, म्हणजे कथेतली कृत्रिम माणसं, कुठून आली? ‘फादर’ने स्वतःमधून काढून टाकलेले सात दुर्गुण. म्हणजे अपराधाचं मूळ बाहेर, एका खलनायकाच्या पोटात. नायकांनी त्याच्याशी लढायचं आणि जिंकायचं.

२००३ ची मालिका नेमकं उलटं करते. इथे प्रत्येक होमुनक्युलस कुणाच्या तरी फसलेल्या पुनरुज्जीवनातून जन्मतो. कुणीतरी मरण नाकारलं आणि त्या नकाराला हातपाय फुटले. स्कार या पात्राच्या भावाने आपल्या प्रेयसीसाठी जे केलं, त्यातून लस्ट आली. इझुमीचं बाळ रॅथ होऊन परत आलं, आणि ते आईवर दात धरून आहे. आणि एल्रिक भावांनी त्या रात्री जे केलं, ते मेलं नाही. ते वाढलं, त्याला आईचा चेहरा आला, त्याचं नाव स्लॉथ. एडवर्डला शेवटी ज्या बाईला नष्ट करायचं आहे तिचा चेहरा आईचा आहे आणि ती त्याच्याच हातून झाली आहे. तो तिला संपवतो तेव्हा शत्रू हरवल्याचा आनंद कुणाच्याच चेहऱ्यावर नसतो. आपण केलेलं आपल्यालाच निस्तरावं लागतं, एवढंच त्या प्रसंगात उरतं. अराकावाचा एडवर्ड हुशार, हट्टी, मोठ्या मनाचा मुलगा आहे. मिझुशिमाचा एडवर्ड हे सगळं आहेच, शिवाय तो एका जिवाचा अपराधी आहे, आणि तो जीव त्याला ओळखतो.

मालिकेने इतर पात्रांनाही असाच वेळ दिला. नीना टकरच्या घरी भावंडं राहतात, अभ्यास करतात, तिच्याशी खेळतात. मग तिच्या बापाने केलेली गोष्ट उघडी पडते. भावांचा लष्करातला मित्र मेस ह्यूज पंचविसाव्या भागात मरतो. तोपर्यंत तो आपल्या घरचा झालेला असतो. पुढे मंगाबरहुकूम निघालेल्या ‘ब्रदरहुड’मध्ये तो दहाव्या भागात जातो, आणि डोळे पुसणारे बहुतेक प्रेक्षक त्याला आधीच्या मालिकेतून ओळखत होते. २००३ च्या मालिकेत दोष आहेत. शेवटी कथा आपल्या जगातल्या युरोपात उतरते तेव्हा धागे विस्कटतात, आणि २००५ चा चित्रपटही ते पुरते सांधत नाही. पण दोन भावांची जी मूळ व्यथा, ती या मालिकेने जितकी तळापर्यंत नेली तितकी मंगानेही नेली नाही.

यासुहिरो इरिएचा ‘ब्रदरहुड’ (२००९-१०, चौसष्ट भाग) चाहत्यांच्या याद्यांत नेहमी वर असतो. त्याची बांधणी चोख आहे, ऑलिव्हिएर आर्मस्ट्राँगसारखी पात्रं त्याच्यामुळेच पडद्यावर आली. ‘हा खरा, तो चुकीचा’ हे त्याच्याबद्दलचं पेटंट वाक्य मात्र मला मान्य नाही. दोन्ही खरे आहेत. एकाने कथा पूर्ण सांगितली, दुसऱ्याने माणूस पूर्ण बघितला.

आता उलट बाजू. ज्या बदलाने पात्राचं ओझं उतरतं, त्याचा नमुना म्हणजे ‘डेथ नोट’चा शेवट. सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांच्या मंगात लाइट यागामीचं मरण किळसवाणं आहे. मात्सुदाच्या गोळ्या खाऊन तो गोदामाच्या जमिनीवर पडलेला आहे, मृत्युदेव र्‍यूककडे याचना करतो आहे, आणि र्‍यूक वहीत नाव लिहितो ते त्याचंच. मग हा स्वयंघोषित देव मरायचं नाही म्हणून ओरडत, चेहरा वेडावाकडा करत मरतो. शेकड्यांनी माणसं मारणाऱ्याला मरणाचं एवढं भय होतं, आणि मरणापलीकडे काहीही नाही, हा त्या शंभराहून जास्त प्रकरणांचा निकाल आहे. तेत्सुरो अराकीच्या मालिकेत (२००६-०७) लाइट निसटतो, रक्ताळलेला, मावळत्या उन्हात चालत राहतो, वाटेत त्याला स्वतःचं शाळकरी रूप दिसतं, तो जिन्यावर पडतो, त्याचा माग काढणाऱ्या गुप्तहेर एलची आकृती उभी राहते, आणि तो शांतपणे डोळे मिटतो. दृश्य सुंदर आहे. आणि हे सौंदर्यच अपराध आहे. ओबाने ज्याला धुळीत लोळवलं, त्याला अराकीने शोकांतिकेचा नायक केलं. अनेक चाहते मंगापेक्षा हा शेवट चांगला मानतात, कारण तो त्यांच्या आवडत्या लाइटला अपमानातून वाचवतो. अराकीला गंभीर बदल करता येत नव्हता असंही नाही. पंचविसाव्या भागात गच्चीवर पावसात भिजणारा, घंटा ऐकणारा, मग लाइटचे पाय पुसणारा एल ही त्याच्या मालिकेचीच भर आहे, आणि तिथे एलला आपलं मरण कळलेलं दिसतं. एलला त्याने ओझं दिलं, लाइटचं मात्र काढून घेतलं.

गोकूच्या बाबतीत तोएई स्टुडिओने हेच वर्षानुवर्षं केलं. तोरियामाच्या कागदावर गोकू लढायला हपापलेला माणूस आहे. जगाचं भलं त्याच्या हातून जाता जाता होतं. पडद्यावर तो न्यायाचा रखवालदार झाला. तोरियामाने स्वतः याबद्दल नापसंती बोलून दाखवली होती. ती रास्त होती. स्वार्थ पुसला की गोकूला जाब विचारण्यासारखं काही उरतच नाही. १९७२ च्या ‘डेव्हिलमॅन’ मालिकेने तर गो नागाईच्या कथेचा कणाच काढून टाकला. र्‍यो आसुका हे मंगातलं मध्यवर्ती पात्र त्या मालिकेत नाहीच.

दिग्दर्शक मामोरू ओशिईचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. मासामुने शिरोच्या ‘घोस्ट इन द शेल’मधली मेजर मोतोको कुसानागी खट्याळ आहे. थट्टा करते, तोंडं वेडावते, वरिष्ठांची खिल्ली उडवते. १९९५ च्या चित्रपटात ओशिई आणि लेखक काझुनोरी इतो यांनी तिचं हसणं काढून घेतलं. ती क्वचित पापणी मिटते, समुद्रात खोल उतरते, शहरातल्या खिडकीत आपल्याच चेहऱ्याची दुसरी बाई पाहते. ही हानी आहे, मोठी हानी आहे. पण मोबदल्यात तिला एक प्रश्न मिळाला, जो शिरोच्या मेजरला पोलिसी धावपळीत कधीतरीच शिवतो: शरीर सरकारचं, आठवणी तपासता न येणाऱ्या, मग माझं असं काय? शेवट बघा. मंगात तिचा सहकारी बाटो तिच्या मेंदूसाठी जे शरीर मिळवतो ते पुरुषाचं निघतं; प्रसंग विनोदाकडे झुकतो. चित्रपटात ती लहान मुलीच्या शरीरात जागी होते, पुन्हा पहिल्यापासून वाढायचं ओझं घेऊन.

याच ओशिईने त्याआधी ‘उरुसेइ यात्सुरा’त आणखी अवघड काम केलं होतं. रुमिको ताकाहाशीच्या मंगात नायिका लमच्या मागे फिरणाऱ्या चार पोरांचं टोळकं आहे, गर्दीपुरतं, लवकरच विस्मरणात जाणारं. मालिकेने त्यातल्या चष्मेवाल्याला, मेगानेला, उचललं. शिगेरू चिबाच्या आवाजात तो क्रांतिकारकासारखी लांबलचक भाषणं ठोकू लागला, प्रेमाच्या नावाने स्वतःचीच फसवणूक करू लागला. १९८४ च्या ‘ब्यूटिफुल ड्रीमर’मध्ये ओसाड झालेल्या गावाचा इतिहास सांगतो तो हाच. मंगाच्या कडेला पडलेल्या एका चेहऱ्यातून आख्खा माणूस निघाला. तंतोतंतपणाच्या भक्तांना विचारायला हवं, की हा मेगाने त्यांच्या हिशेबात कुठे बसतो?

आणि रेइ. नाओको ताकेउचीच्या ‘सेलर मून’मधली रेइ मानी आहे, अबोल, पुरुषांना चार हात दूर ठेवणारी. तोएईच्या मालिकेत (१९९२ पासून, आधी जुनिची सातो, मग कुनिहिको इकुहारा) ती तापट झाली, मुलांवर भाळणारी झाली, नायिका उसागीशी ऊठसूट भांडू लागली, उसागीचा प्रियकर मामोरू याच्याबरोबर काही काळ हिंडलीसुद्धा. मंगाच्या वाचकांना हा रेइचा अपमान वाटतो. मला वाटत नाही. मंगात या मुलींची मैत्री पूर्वजन्मापासून ठरलेली आहे. मालिकेत ती कमवावी लागते, मत्सरातून, रुसव्यांतून, एकाच मुलावर जीव जडलेल्या दोघींच्या समजुतीतून. म्हणून पहिल्या पर्वाच्या शेवटी, बर्फात, त्या एकेक करून मरतात आणि रेइ उसागीचा निरोप घेते, तेव्हा जपानमधल्या एका पिढीने तो भाग रडत पाहिला. २०१४ च्या ‘सेलर मून क्रिस्टल’ने रेइचा मान मंगाप्रमाणे परत केला; बदल्यात तिला कुणीही उरलं नाही जिच्याशी ती बोलेल.

पण या सगळ्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो दिग्दर्शक ओसामू देझाकी. रियोको इकेदाच्या ‘रोज ऑफ व्हर्साय’ची मालिका (१९७९-८०) त्याने एकोणिसाव्या भागापासून हाती घेतली. इकेदाची पानं फुलांनी, चांदण्यांनी, स्वगतांनी भरलेली आहेत. तिची नायिका ऑस्कर आपले विचार भरभरून बोलून दाखवते. देझाकीने तिला गप्प केलं. क्षण गोठवून त्यांची रंगीत चित्रं केली, सीन नदीच्या काठावर ॲकॉर्डियन वाजवणारा एक माणूस आणला, पॅरिसचा चिखल आणि भूक चौकटीत आणली. बोलणं गेल्यावर ऑस्करचे विचार तिच्या निर्णयांतूनच दिसू शकत होते, आणि निर्णय महाग असतात. उमरावाची पदवी, बापाचं घर, राणीची मैत्री, एकेक गोष्ट ती सोडते आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर सावली वाढते. १४ जुलैला बास्तीय तुरुंगासमोर ती मरते, तेव्हा क्रांती तिच्यासाठी घोषणा राहिलेली नसते. २०२५ मध्ये माप्पाने याच मंगावर चित्रपट काढला, मंगाचा झगमगाट आणि गाणी घेऊन, सगळी कथा दोन तासांत. तो इकेदाच्या पानांसारखा दिसतो. त्यातली ऑस्कर सुरेख गाते. देझाकीच्या ऑस्करची एक नजर त्या सगळ्या गाण्यांहून वजनदार आहे.

देझाकीचा वारसा आज कुणाकडे असेल तर तो नाओको यामादाकडे. योशितोकी ओइमाच्या सात खंडांच्या ‘अ सायलेंट व्हॉइस’मधून तिने २०१६ मध्ये चित्रपट काढला. मुलांनी मिळून सिनेमा बनवण्याचं उपकथानक तिने वगळलं. नायक शोया इशिदा बेशुद्ध असताना मंगा एकेका मित्राच्या मनात शिरते, ती प्रकरणंही वगळली, आणि त्यामुळे कावाई नुसतीच ढोंगी वाटते, माशिबाला अर्थच उरत नाही. हे नुकसान खरं आहे. पण यामादाने जे वाचवलं ते सगळं शोयाच्या आणि नायिका शोकोच्या खात्यावर टाकलं. दोघांचे हात, पाय, खाली गेलेल्या माना, एकमेकांना टाळणाऱ्या नजरा. पळवाट म्हणून दुसरं कुठलंच पात्र त्यांच्या मदतीला येत नाही.

बाकीच्यांना फार जागा देण्यात अर्थ नाही. ‘डेमन स्लेयर’ ही युफोटेबलची आतषबाजी आहे. तांजिरो पहिल्या भागात जेवढा चांगला होता तेवढाच शेवटपर्यंत चांगला राहतो. ‘रानमा’ आणि ‘उरुसेइ यात्सुरा’च्या नव्या आवृत्त्या नीटनेटक्या आहेत आणि त्यांनी कुणालाही काहीही नवं दाखवलेलं नाही. केइइचिरो साइतोचा ‘फ्रीरेन’ तेवढा वेगळा काढावा लागेल. तो मंगाच्या रेषेवरून चालतो, पण शांततेची लांबी स्वतः ठरवतो.

‘मूळ ते मूळ’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मूळ कोणतं? कात्सुहिरो ओतोमोने ‘अकिरा’चा चित्रपट १९८८ मध्ये स्वतः केला, मंगा संपायच्या दोन वर्षं आधी. मंगातला अकिरा जिवंत मुलगा आहे; चित्रपटातला अकिरा म्हणजे काचेच्या बरण्यांत ठेवलेले अवशेष. मियाझाकीने ‘नाउसिका’चा चित्रपट १९८४ मध्ये केला, तिथे नायिका मरून पुन्हा उठते, जवळजवळ अवतार होते. मग १९९४ पर्यंत तो तीच मंगा काढत राहिला आणि त्याच मुलीच्या हातून भावी मानवजातीची अंडी नष्ट करवली, तिला खोटं बोलायला लावलं आणि ते खोटं पोटात घेऊन जगायला लावलं. चित्रपटात निव्वळ आक्रमक वाटणारी कुशाना मंगात सैनिकांची माय होते. इथे ओझं कागदाने दिलं, पडद्याने नाही. कसोटी दोन्हीकडे चालते. आणि ज्यांनी ही माणसं जन्माला घातली, त्यांनाच ती एका रूपात मावली नाहीत.

एका आक्षेपाला मात्र गंभीरपणे सामोरं जायला हवं. हिनाको आशिहारा यांच्या ‘सेक्सी तानाका-सान’ या मंगावर २०२३ मध्ये जपानी टीव्हीवर मालिका झाली. ॲनिमे नव्हे, नटनट्यांची. मंगाशी प्रामाणिक राहा, ही त्यांची अट होती. शेवटचे दोन भाग त्यांनी स्वतः लिहिले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि जपानमध्ये मूळ लेखकांच्या हक्कांचा प्रश्न ऐरणीवर आला. तो यायलाच हवा होता. लेखिकेने नाही म्हटलं की नाही. तिची अट मान्य करून ती मोडणं हा विश्वासघात आहे, आणि कलेच्या नावाने त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण लेखिकेचा हक्क वेगळा आणि चाहत्याचा हट्ट वेगळा. अराकावाने स्वतः मोकळीक दिली होती. तरीही वीस वर्षं तिच्याच नावाने त्या मालिकेला खोटं ठरवलं जातं. हा लेखिकेचा मान नव्हे. आपण आधी वाचलं होतं, या आपल्या मोठेपणाची ती राखण आहे.

आपल्याकडे या राखणीला आणखी कमी आधार आहे. मराठी घरांतल्या मुलांना डोरेमॉन भेटला तो हंगामा वाहिनीवर, हिंदीत, फुजिको एफ. फुजिओची मंगा त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली. शिनचॅन तर जपानमध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात १९९० साली जन्मला, तिथल्या टीव्हीवर घरगुती झाला, आणि आपल्याकडे येईपर्यंत लहान मुलांचा कार्यक्रम होऊन बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर’चा चित्रपट भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूत लागला, मराठीत नाही, आणि मुंबई-पुण्यातल्या तरुणांनी तो गर्दी करून पाहिला. म्हणजे आपल्या वाट्याला आलेली बहुतेक पात्रं बदलूनच आलेली आहेत, आणि ती आपल्याला जीव लावण्याइतकी खरी वाटली. तरीही इथल्या चर्चांत मी तोच जपानी हट्ट पाठ केलेला ऐकतो: ‘मंगात असं नव्हतं.’ नव्हतं. पुढे काय? बदललेल्या प्रसंगाने त्या माणसाबद्दल काय सांगितलं, यावर एक वाक्य तरी बोला.

तंतोतंतपणाची मागणी निरुपद्रवी नाही. ती दिग्दर्शकाला नकलनवीस करते, स्टुडिओला भित्रा करते आणि प्रेक्षकाला तपासनीस. नाकायामाला जे सोसावं लागलं ते पाहिलेला कुठला तरुण दिग्दर्शक आता पात्राला नवा अपराध, नवा प्रश्न देण्याची हिंमत करेल? आज कुणी आइकावा उठून म्हणाला की आईला मारण्याचं पाप मुलाच्याच हातून झालेलं दाखवू, तर निर्मिती समिती त्याला दारातच थांबवेल, आणि चाहते समितीच्या बाजूने उभे राहतील. मंगा कुठे जात नाही. तिचे खंड दुकानात आहेत, ज्याला हवी त्याने ती वाचावी. पडद्याकडून तेच पुन्हा मागण्यात मंगाचंही भलं नाही.

वाचकांना माझं सांगणं एवढंच, की २००३ चा ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ बघा, ‘ब्रदरहुड’ पाहिला असला तरी बघा, आणि देझाकीची ‘रोज ऑफ व्हर्साय’ शेवटपर्यंत बघा. मंगाशी काय जुळत नाही याची यादी करू नका. एडवर्डला आणि ऑस्करला कशाकशाचा जाब द्यावा लागला, तेवढंच बघा. मंगापासून दूर गेलेल्या या दोन मालिका मंगाच्या बरोबरीने उभ्या राहतात, आणि गेल्या दहा वर्षांतल्या एकाही तंतोतंत ॲनिमेबद्दल मला असं म्हणता येत नाही.